वाडीतल्या पोरांना नेट घरात कसं मिळेल: मोजणीपासून पावसाळ्यापर्यंत सगळं

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या उताराला. ३४ घरं, त्यातली ९ कायम कुलपात कारण माणसं मुंबईला. २०२० च्या पावसाळ्यात शाळा मोबाईलवर आल्या तेव्हा आमची पोरं छत्र्या घेऊन वर सड्यावर जाऊन बसायची, कारण रेंज तिथेच. त्याच दिवसांत सिंधुदुर्गातल्या एका मुलीने डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याची बातमी सगळ्या ग्रुपवर फिरत होती, लोक हात जोडलेले इमोजी टाकत होते आणि मला खरं सांगायचं तर चीड येत होती. अरे पोरीने डोंगर चढला हे ठीक, पण नेटने डोंगर का उतरू नये?

तेव्हापासून आमच्या वाडीत आणि आजूबाजूच्या दोनतीन वाड्यांत मी हा उद्योग करतोय. मी काही टेलिकॉमवाला नाही, डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, चुका करत शिकलोय. त्या तुम्ही परत करू नयेत म्हणून हे सगळं लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट ठरवून टाका की "नेट आलं" कधी म्हणायचं. आमच्याकडे कसोटी अशी ठेवली: रात्री साडेआठला, घरात, पडवीत बसून दहावीतली पोरगी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पीडीएफ उघडू शकते का आणि एक धडा ३६० पी वर न अडकता बघू शकते का. बास. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वायफायचा स्टिकर आहे हे नेट नव्हे. दुपारी दोनला ४० एमबीपीएस येतं हेपण नव्हे, दुपारी दोनला पोरं शाळेत असतात.

आधी वही, मग खरेदी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळतात. एक दोनशेपानी वही घ्या. घरटी एक ओळ: घरात शिकणारी पोरं किती आणि कितवीत, स्मार्टफोन किती आणि दिवसा घरी किती राहतात (बापाचा फोन बापाबरोबर कामावर जातो, तो धरू नका), महिन्याला रिचार्ज किती मारतात, लाईट किती वेळा जाते. आमच्याकडे १९ पोरं निघाली आणि दिवसा घरी राहणारे फोन फक्त ७. म्हणजे आमचा अर्धा प्रश्न रेंजचा नव्हताच, फोनचा होता. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं, मी सरळ अँटेना घ्यायला निघालो होतो.

मग रेंज मोजायची. फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या कंपनीने आपल्या समाधानासाठी दिलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" आणि तिथे सिम स्टेटस असं काहीतरी असतं, त्यात डीबीएममध्ये आकडा दिसतो. नसेल दिसत तर नेटमॉन्स्टरसारखं फुकटातलं अ‍ॅप टाका. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ८५ मस्त, उणे ९५ चालेल, उणे १०५ ला रडतखडत, उणे ११५ च्या खाली गेलं की मेसेजसुद्धा लटकतो. अ‍ॅपमध्ये एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा दिसतो, तो गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे त्याचा, तो १० च्या वर असला तर बरं, शून्याच्या खाली गेला तर रेंज असूनही नेट चालणार नाही. बरेच लोक इथेच फसतात, काड्या चार आणि गोल गोल फिरतंय.

प्रत्येक कंपनीचं एकेक सिम गोळा करा, वाडीत सगळ्या कंपन्यांची सिमं असतातच, आणि प्रत्येक घरी तीन ठिकाणी मोजा: पडवीत, माजघरात आणि कौलांवर किंवा स्लॅबवर चढून. पडवी आणि छप्पर यात १५-२० डीबीएमचा फरक पडू शकतो आणि तोच फरक म्हणजे तुमची संधी. आमची घरं जांभ्या चिऱ्याची, भिंत चांगली फूटभर जाड, ती रेंज गिळते. ट्रायचं (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मायस्पीड अ‍ॅप टाकून स्पीड घ्या पण तेही सकाळी, दुपारी आणि रात्री साडेआठला असं तीनदा. आणि कृपा करून गणपतीत मोजू नका. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर चौपट माणसं, नेट मान टाकतं, शिमग्यालाही तेच. उलट मे महिन्यात मोजलं आणि जुलैत झाडांना पालवी आली की आकडा बदलतो. शक्य असेल तर दोन्ही वेळा घ्या.

कुठला रस्ता कुठल्या घरासाठी

रस्ते चारपाच आहेत, आणि सगळ्या वाडीला एकच रस्ता लागू पडेल हा हट्ट सोडून द्यायचा. खालचं गावठाण, मधली वाडी आणि वरचा धनगरवाडा यांना तीन वेगळी औषधं लागतात.

पहिला विचार नेहमी फायबरचा. तुमच्या ग्रामपंचायतीत बहुतेक एक लोखंडी कपाट असेल, आत लुकलुकणारी किंवा मेलेली पेटी. ते भारतनेट. ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली, गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं असं ठरलं, पुढे महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारने महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत महानेट नावाने केलं. त्यामुळे तुमच्या गावची लाईन बीएसएनएलच्या ताब्यात आहे का महानेटच्या हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोन ऑफिसं तुम्हाला एकमेकांकडे चेंडूसारखी टोलवत बसतील. ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात ग्रामसेवकच चालतं) सांगून ते कपाट उघडून बघा. आमच्या शेजारच्या गावात ते दोन वर्षं बंद होतं, कारण शोधलं तर काय, प्लग काढून तिथे ऑफिसचा पंखा लावलेला!

कपाट चालू असेल तर पुढचा प्रश्न तिथून घरापर्यंतच्या तारेचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, १,३९,५७९ कोटींचा, आणि त्यात गावातलाच कोणीतरी उद्यमी म्हणून घरोघरी कनेक्शन देणार आणि बीएसएनएलबरोबर पैसे वाटून घेणार अशी सोय आहे. म्हणजे तुमच्या गावात केबल टीव्हीवाला असेल, मोबाईल रिपेअरवाला असेल, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक असेल, त्याला यात ओढा. बीएसएनएलच्या तालुक्याच्या एक्स्चेंजला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वहीतली यादी न्या: घरमालकाचं नाव, सही, आणि महिना किती भरायला तयार. आम्ही १४ नावं घेऊन गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची दिली. तीन प्रश्न विचारायचे: सगळ्यात जवळचं ओएलटी कुठे आहे, फायबर आमच्या रस्त्याने कुठपर्यंत आलंय, आणि या भागातला पार्टनर कोण. ओएलटी म्हणजे जिथून फायबर फुटतो ते मशीन. तिथून साधारण २० किलोमीटरपर्यंत घर चालतं आणि एका पोर्टवर ६४ घरं लागू शकतात, त्यामुळे "तुमचं गाव लांब आहे" हे उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. खरं उत्तर "चार घरांसाठी तार ओढायला परवडत नाही" हे असतं, आणि ते प्रामाणिक आहे, म्हणून तर यादी.

तार महावितरणच्या खांबावरून न्यायची झाली तर परवानगी लागते, वायरमन ओळखीचा आहे म्हणून लटकवली तर एक दिवस कापून टाकतात आणि तेव्हा भांडायला तोंड राहत नाही. आम्ही स्वतःचे जुने गॅल्व्हनाइज्ड पाईप उभे केले, काही ठिकाणी लोकांच्या आवारातल्या नारळावर हूक मारला. फणसाच्या फांदीवर मारू नका, वाऱ्यात फांदी तुटते आणि तार घेऊन खाली येते.

कनेक्शन लागलं की तंत्रज्ञ जायच्या आत एकच गोष्ट बघून घ्या, त्याच्याकडच्या मीटरवर प्रकाशाचा आकडा किती येतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असला तर शांत झोपा. उणे २७ आला तर आज चालेल आणि पहिल्या पावसात लाल लाईट लागेल. तेव्हाच म्हणायचं, दादा सांधा परत मारा. एकदा तो गेला की परत यायला आठ दिवस.

दुसरा रस्ता एअरफायबर, म्हणजे छपरावर डबा आणि ५जी. जिओ आणि एअरटेल दोघांनी २०२३ मध्ये सुरू केलं. सहाशेच्या आसपास प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी. गावात ५जीचा टॉवर दिसत असेल तर खरंच छान चालतं. पण पिनकोड टाकून "उपलब्ध आहे" असं आलं म्हणून पैसे भरू नका, एका पिनकोडात आमच्याकडे पंधरावीस वाड्या येतात. माणूस येऊन छपरावर मोजून गेला की मगच.

तिसरा, आणि खेड्यात सगळ्यात कामाचा, सिम टाकायचा ४जी राउटर. यावर जरा थांबतो कारण कमी पैशात सगळ्यात जास्त घरं याच्याने सुटतात.

४जी राउटर आणि छपरावरची अँटेना

तत्त्व सोपं आहे. फोनची अँटेना बोटाएवढी आणि ती माजघरात. तुम्ही हातभर अँटेना घेऊन छपरावर लावता आणि टॉवरकडे तोंड करता. उणे ११० चं उणे ९२ होऊ शकतं, आणि मग तेच सिम, तोच पॅक, पण पोरांना घरात वायफाय. राउटर साधारण अडीच ते चार हजारांत येतो. घेताना दोन गोष्टी बघा: मागे बाहेरची अँटेना लावायला दोन पितळी सॉकेट आहेत का (नुसते चिकटवलेले कान असतील तर घेऊ नका), आणि तुमच्या टॉवरचा बँड त्यात आहे का.

बँड म्हणजे टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ते. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे. आकडा जितका लहान तितकी रेंज झाडी-डोंगरातून लांब जाते, पण स्पीड कमी. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं, ते ७०० वर पण चालतं आणि डोंगराळ भागाला ७०० म्हणजे वरदानच, पण त्यासाठी फोन किंवा राउटरमध्ये बँड २८ पाहिजे आणि जुन्या बऱ्याच फोनांत तो नसतो. मग लोक म्हणतात बीएसएनएलला रेंज नाही! रेंज असते हो, तुमच्या फोनला ऐकू येत नसते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या समोरच्या डोंगरावर एक टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मी मोठ्या उत्साहाने २,८०० रुपयांची अँटेना आणली, पाईप उभा केला, तोंड त्या टॉवरकडे, आणि रेंज आधीपेक्षा वाईट. दोन दिवस केबल बदल, सॉकेट बदल. शेवटी कळलं की तो टॉवर माझ्या सिमच्या कंपनीचा नव्हताच, माझा टॉवर मागच्या खिंडीतून येत होता. म्हणून अँटेना बांधायच्या आधी हातात धरून गोल फिरवा, सावकाश, दर वेळी पंधरा सेकंद थांबून, खाली कोणीतरी राउटरच्या पानावरचे आकडे मोठ्याने वाचत राहायचं. आमच्याकडे काकी वाचायच्या, "ब्याण्णव... चौऱ्याण्णव... आता अठ्ठ्याऐंशी, थांब थांब तिथंच थांब!" जिथे दोन्ही आकडे चांगले तिथे खडूने पाईपवर खूण करून बोल्ट आवळायचा.

अँटेनेची केबल जितकी लांब तितकी कमाई वाया. छपरावर अँटेना आणि खालच्या खोलीत राउटर अशी १५ मीटर पातळ केबल टाकलीत तर वर मिळवलेलं सगळं वायरीत गेलं. त्यापेक्षा राउटर माळ्यावर ठेवा, केबल चारपाच मीटर, आणि खाली साधी लॅन वायर आणा, ती १०० मीटरपर्यंत चालते. घरात शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून टपकतं आणि राउटरमध्ये उतरत नाही. ही एक गोष्ट विसरल्यामुळे पहिल्या जूनमध्ये आमचे दोन राउटर गेले.

आणि एक कळकळीची सूचना. ऑनलाइन आणि तालुक्याच्या दुकानात "मोबाईल बूस्टर" मिळतो, सात-आठ हजारांत, घरात लावला की काड्या फुल. तो घेऊ नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि त्याच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. अँटेना लावलेला राउटर ही वेगळी गोष्ट, तो फोनसारखाच टॉवरशी बोलतो, आजूबाजूला काही पसरवत नाही.

तसंच "तुमच्या जागेत टॉवर बसवतो, महिना ३० हजार भाडं, आधी १५ हजार भरा" असे फोन येतात. टॉवरसाठी ट्राय कुठलीही एनओसी देत नाही आणि आगाऊ टॅक्सही घेत नाही, तसला कागद दाखवला की समजायचं चोर आहे. आमच्या पंचक्रोशीत एका शिकलेल्या माणसाने भरलेत, म्हणून लिहिलं.

वरच्या वाडीचं काय

धनगरवाडा आमच्या वर, सरळ रेषेत दीडेक किलोमीटर, पायवाटेने पाऊण तास. तिथे ना फायबर ना रेंज. तिथे डब्याला डबा दाखवायचा उपाय आहे: खाली जिथे फायबर आहे त्या छपरावर एक बाहेर लावायचा वायफाय डबा, वर दुसरा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. ५ गिगाहर्ट्झवरचे हे डबे जोडीला सात ते दहा हजारांत येतात, आणि २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा बाहेर वापरायलाही लायसन्समुक्त आहे, ठरलेल्या पॉवरच्या आत.

यात अट एकच आणि तिच्यात दयामाया नाही, मध्ये काही नको. नुसतं समोरचं छप्पर दिसलं तरी पुरत नाही, मधल्या रेषेच्या भोवती जागा मोकळी लागते. दीड किलोमीटरला बरोब्बर मध्यावर झाडाच्या शेंड्यापासून अडीच-तीन मीटर वर रेषा गेली पाहिजे. पाऊस या फ्रिक्वेन्सीला फार त्रास देत नाही, ओली पानं देतात. मे महिन्यात जुळवलेली लिंक जुलैत मेली आणि आम्ही पावसाला शिव्या देत होतो, कारण निघालं एक किंजळीचं झाड, दोन महिन्यांत हातभर वाढलेलं.

वरून खालचं छप्पर शोधायला आम्ही आरसा वापरला. सकाळी नऊला खालून एकाने दाढीचा आरसा उन्हात हलवायचा, वर चमक दिसली की तिथे डबा फिरवायचा. अ‍ॅप-बिप काही नको. मग बारीक जुळवणी डब्यावरच्या लाईटने, उणे ६० ते उणे ६५ आलं की आवळून टाका.

आता कायद्याची बाजू, ही टाळू नका. तुमच्या नावावरचं घरगुती कनेक्शन दहा घरांना पैसे घेऊन वाटणं चालत नाही, ते विकणं झालं. आणि फुकट वाटलं तरी कोणी काही उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात, कारण नाव तुमचं. याला सरळ वाट आहे, पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली ही योजना, यात किराणा दुकानदार किंवा बचत गटसुद्धा लायसन्स न घेता, फी न भरता वायफाय पॉइंट चालवू शकतो. लॉगिन आणि हिशोब वरची नोंदणीकृत कंपनी बघते. पूर्वी काही कंपन्या अशा पॉइंटला महागडी लीज्ड लाईन (कंपन्या-ऑफिसं घेतात ती स्वतंत्र लाईन) घ्यायला सांगायच्या, जून २०२५ मध्ये ट्रायने त्याला लगाम घातला, २०० एमबीपीएसपर्यंतच्या साध्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर लावता येत नाही. धनगरवाड्यावर घरं एकमेकांना चिकटून आहेत म्हणून समाजमंदिरावरचा एक पॉइंट सात घरांच्या ओट्यापर्यंत पोचतो. तुमच्याकडे घरं विखुरलेली असतील तर हा उपाय तोकडा पडेल हे आधीच सांगतो.

उपग्रहाचं नेट? स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये लायसन्स मिळालं, पण त्याची वाट बघत पोरांची दहावी थांबत नाही.

आणि जिथे कुठल्याच कंपनीची ४जी रेंज नाही अशा गावांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे, जुलै २०२२ मध्ये मंजूर, २६,३१६ कोटी, २४,६८० गावं. तुमचं गाव त्यात असेल आणि टॉवर अडला असेल तर बऱ्याचदा जागा किंवा विजेच्या जोडणीवर अडलेला असतो आणि तिथे ग्रामपंचायत खरोखर काहीतरी करू शकते.

घराच्या आत

इथे मी पटकन जातो. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा देवघराच्या वर पितळी समईच्या शेजारी ठेवू नका, मधल्या दाराच्या वर उघड्यावर ठेवा. चिऱ्याच्या घरात २.४ गिगाहर्ट्झ वापरा, ५ वालं भिंत ओलांडत नाही. पासवर्ड बदला. नको त्या साइट अडवायच्या असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस नावाचा रकाना असतो त्यात १.१.१.३ टाका, फुकट आहे, शंभर टक्के नाही पण बरंच थांबतं.

डेटाचं गणित मात्र पोरांना स्वतः करायला लावा. यूट्यूब १४४ पी वर तासाला १०० एमबीच्या आसपास, ३६० पी ला तीनेकशे, ७२० पी ला एक जीबीच्या वर. रोज २ जीबीचा पॅक आणि घरात तीन पोरं, काढा आता. दीक्षा अ‍ॅपमधले धडे आणि ईबालभारतीवरची पुस्तकं एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. आम्ही एका जुन्या लॅपटॉपवर किविक्समधून (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं अ‍ॅप) मराठी विकिपीडिया टाकून ठेवलाय, लाईट नसताना बॅटरीवर चालतो, आणि गंमत म्हणजे पोरं त्याच्यावर नेटपेक्षा जास्त वेळ वाचतात कारण तिथे रील नाहीत.

लाईट

नेट गेलं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा नेट गेलेलं नसतं, लाईट गेलेली असते. राउटर आणि फायबरची पेटी मिळून १० वॉटच्या आसपास खातात, म्हणजे एका बल्बएवढं. हजार-दीड हजाराचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस तीनेक तास खेचतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले की धूर.

फक्त लक्षात ठेवा, तुमच्याकडे बॅकअप असून वरच्या ओएलटीला नसेल तर उपयोग शून्य. म्हणून यादी घेऊन जाल तेव्हाच विचारा, तुमच्या मशीनला बॅटरी किती तास. वरच्या वाडीच्या डब्यांना आम्ही सोलर केलं: दिवसाला २४० वॉट-तास लागतात, उन्हाळ्यात ७५ वॉटचं पॅनल पुरलं असतं पण आम्ही १५० चं घेतलं कारण जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात सूर्य फक्त कॅलेंडरवर असतो. तरीसुद्धा सलग चार दिवस अंधारून आलं की बंद पडतं, तेव्हा रात्री अकरा ते पहाटे पाच टायमरने बंद ठेवतो.

पैसे आणि ठराव

एकट्याने खर्च करू नका, खिसा रिकामा होतो आणि मग लोक तुम्हालाच फुकटचा नेटवाला समजतात. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ठराव पाहिजे असेल तर विषय आधी लेखी द्या, ऐनवेळी उठून बोललात तर "पुढच्या वेळी बघू". वित्त आयोगाच्या निधीतला जो बंधनमुक्त भाग असतो (कशावर खर्चायचा हे वरून ठरलेलं नसतं तो) तो ग्रामपंचायत आपल्या विकास आराखड्यात अशा कामाला दाखवू शकते, पण आराखडा बनतानाच घुसवावं लागतं. ठरावात "गावात इंटरनेट सुविधा करणे" असलं गुळगुळीत वाक्य लिहू नका. लिहा: शाळा आणि समाजमंदिर इथे फायबर कनेक्शन, वर्षाचं बिल इतकं, बॅटरी इतकी, देखभाल कोण करणार. आमच्या ठरावात शेवटचं वाक्य नव्हतं आणि पहिलं वर्षभर बॅटरीच्या पाण्यावरून वाद झाले.

उरलेलं मुंबई मंडळाकडून. दर वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं, सप्त्याला आणि देवळाच्या कळसाला पैसे देतं. आम्ही त्यांना म्हटलं यंदा एका घराचं वर्षाचं रिचार्ज एकेकाने घ्या. थोडी कुरकुर झाली, पण मग गणपतीला गावी आल्यावर त्यांनाच ऑफिसचं काम घरून करता आलं, तेव्हापासून कोणी बोलत नाही.

हे पैसे वाटताना वहीत परत बघा. दहावी-बारावीवाली घरं आधी, ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना जुना दुरुस्त केलेला फोन आधी आणि नेट नंतर. सीईटीचे फॉर्म, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज यांच्या शेवटच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण त्या आठवड्यात नेट बंद पडलं तर बाकी वर्षभर चालल्याचा काही उपयोग नाही.

पावसाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काढा. तारेजवळच्या फांद्या छाटा, छपरावरचे बोल्ट आवळा, सॉकेटवर नवी रबर टेप गुंडाळा, पाईपला अर्थिंग आहे का बघा. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की लॅन वायर आणि प्लग दोन्ही काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही पण तारेतल्या लोखंडातून आणि तांब्याच्या लॅनमधून येते. डब्यांच्या भोकांत कापूस नको, सिलिकॉन भरा. कापसात मुंग्या घर करतात, अडॅप्टरमध्ये पाल शिरते, आणि वानरांना फायबरची काळी तार का आवडते ते देवालाच माहीत.

बिघाड झाला की आधी लाईट बघायचे: फायबरच्या पेटीवर एलओएसचा लाल लाईट असेल तर तार तुटलीय, तुमच्या हातात काही नाही, तक्रार करा. लाल नसेल आणि नेट नसेल तर पेटी बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. तक्रार फोनवर केली की नंबर मागा आणि वहीत तारीख-वेळेसकट लिहा. मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तो नंबर घेऊन जाता येतं, आणि तिथेही नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर. ट्रायला लिहू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाहीत. आमची एक तार २३ दिवस तुटलेली होती, रोज फोन केले, काही झालं नाही. पोर्टलवर तीन जुने नंबर टाकून लिहिलं आणि चौथ्या दिवशी जीप आली.

आणि छपरावर चढणारे दोघे तयार करा, एक नाही. आमच्याकडे मी आणि अकरावीतला शेजारचा पोरगा, तो परवा पॉलिटेक्निकला रत्नागिरीला गेला, आता त्याच्या बहिणीला शिकवतोय, ती आठवीत आहे त्यामुळे कौलांवर पाठवत नाही, खाली बसून आकडे वाचते आणि वही सांभाळते.